जित्यांची भिंत

बाबांचा फोटो घेऊन मी चित्रकार सरांकडे गेले, तेव्हा त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"गेले का हे?" त्यांनी विचारलं.

"वर्ष होईल आता. वर्षश्राद्धाला चित्र भिंतीवर लावायचं आहे. मोठं पाहिजे, रंगीत."

"मी गेलेल्यांचं काढत नाही."

"फोटो आहे न."

"फोटो आहे, माणूस नाही."

मला राग आला. पांढुर्ण्यात माझं शिवणाचं दुकान आहे. एखादीने मापाचा जुना ब्लाउज पाठवला की मी त्यावरून नवा शिवून देते. बाई स्वतः आलीच पाहिजे असा हट्ट धरत नाही. मी त्यांना हे ऐकवलं. ते म्हणाले, "आन् बसतो का तो खांद्यात?"

"जरा इकडेतिकडे होतो."

"हं," ते म्हणाले. "घरी कोणी जितं आहे का?"

"आई आहे. मोहगावला, भावाकडे."

"मंग तिले घेऊन या. उशीर एकदा करून झाला न."

बोलणं असं होतं. मी फोटो पिशवीत घातला आणि परत निघाले. तो फोटो म्हणजे तरी काय, मतदार कार्डावरून मोठा केलेला, डाग पडलेला चेहरा. मोबाइलमध्ये बाबा होते, पण प्रत्येक फोटोत ते कुठेतरी निघालेले, अर्धे पाठमोरे. पुढच्या आठवड्यात मी आईला माझ्या घरी राहायला आणलं आणि त्यांच्याकडे घेऊन गेले.

त्यांची चित्रशाळा तिगावच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, संत्र्याच्या बगिच्यात होती. टिनाचं लांब शेड. पूर्वी तिथे संत्री पेट्यांत भरत. अर्ध्या भागात शाळा, अर्ध्या भागात गॅलरी, मध्ये पडदा. उत्तरेच्या भिंतीत उंचावर एक मोठी खिडकी होती आणि बाकी सगळ्या खिडक्यांवर काळं कापड. आत गेलं की आधी काहीच दिसायचं नाही. मग हळूहळू एक कान दिसायचा, एक पाऊल, टेबलावर ठेवलेला एक हात. सगळं प्लास्टरचं, पांढरं. दूरदेशीच्या देवदेवतांचे पुतळे आणणं त्यांना जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी इथल्याच माणसांचे साचे घेतले होते. पाऊल त्यांचं स्वतःचं होतं. "उगाच मोठं काढू नका," ते पोरांना बजावत, "माहा पाय आहे तो."

जवसाचं तेल, टर्पेंटाइन आणि बाहेरून येणारा संत्र्याच्या पानांचा वास, असं सगळं मिळून तिथे एक गुंगी असायची. मी झोपाळू बाई नाही. पण त्या शेडमध्ये बसलं की आपण जागे आहोत की नाही, ते एकदा तपासून पाहावंसं वाटे.

ते कोण, कुठले, हे मी कधी खोदून विचारलं नाही. सौंसरचे होते, मोठ्या शहरात चित्रकला शिकले, बरीच वर्षं बाहेर राहिले आणि एक दिवस परत आले, एवढं सगळ्यांना माहीत होतं. लग्न केलं नव्हतं. कानामागे कोळशाची कांडी आणि खिशात पावाचा मऊ गर. कोळशाची रेघ पुसायला खोडरबर नाही चालायचं, पावाचा गोळाच लागायचा. एकदा बोलण्याच्या नादात त्यांनी तोच काळा गोळा चहात बुडवून खाल्ला. कुणी हसलं नाही, कारण त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

हातात विणकामाची एक लांब सुई असे. हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि सुईवर अंगठा सरकवत समोरच्या वस्तूचं माप घ्यायचं, ही त्यांची पद्धत. पण ही पद्धत ते शेडमध्ये ठेवून बाहेर पडत नसत. लग्नात नवरदेवाचं डोकं मोजत. सौंसरच्या बाजारात एकदा वांगी विकणारी एक बाई खवळून उठली.

"ओ बुढऊ! कोणाले डोया मारून राहिला?"

"तुमच्या वांग्यायले," ते म्हणाले.

ती बाई आता त्यांच्या गॅलरीत आहे. वांग्यांसकट.

गॅलरीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे भिंतीवर एकट्या माणसाचं मोठं चित्र लागलं, की तो माणूस गेला असं समजतात. विचारायचीही गरज नसते. त्यामुळे जिवंतपणी चित्राला बसायला कुणी तयार होत नसे. ते मात्र जिवंत माणसाशिवाय ब्रशला हात लावत नसत. भिंतीवर लागलेली सगळी माणसं त्यांनी एकेक करून, गोड बोलून, भांडून, कधी नुसतं त्यांच्या दारात बसून मिळवलेली होती. एक बँडवाला, रेल्वेतून रिटायर झालेला गँगमन, एक बहिरी सुईण. आणि नियम एकच. माणूस गेला की चित्र खाली उतरवायचं आणि घरच्यांना द्यायचं. या भिंतीवर गेलेलं माणूस राहणार नाही. चित्र उतरलं की तिथे चुन्याचा एक उजळ चौकोन उरायचा आणि ते पुढच्या माणसाच्या शोधात निघायचे.

आईला त्यांनी खिडकीखाली खुर्चीत बसवलं. ती हिरवं लुगडं नेसून आली होती. बराच वेळ ते तिच्याकडे अर्धे डोळे मिटून नुसते बघत राहिले. ही त्यांची दुसरी सवय. डोळे पूर्ण उघडे ठेवले की बारीकसारीक फार दिसतं म्हणे, आणि मुख्य गोष्ट निसटते.

"मास्तर," आई म्हणाली, "माह्या नाकात काय पाहून राहिले एवढं?"

"सावली."

"नाकाची बी सावली असते?"

"तुमच्या नाकाची तं चांगली ओसरी आहे, माय. दोन माणसं बसतीन."

आई इतकी हसली, की त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती बसल्या बसल्या झोपली. मी हलवायला उठले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "झोपू द्या. जागं माणूस तोंड सांभाळून बसते."

मी नुसती बसून असे. एक दिवस त्यांनी माझ्यापुढे कागद आणि कोळसा टाकला आणि प्लास्टरचा हात दाखवला. "बसून कायले राहता? हे काढा." मी काढला. ते मागे येऊन उभे राहिले.

"बोटं पाच आहेत, हे कोणी सांगितलं तुम्हाले?"

"हाताला पाचच असतात, सर."

"तुम्हाले इथून दिसून किती राहिली?"

मी पाहिलं. "तीन. आणि थोडं."

"मंग तीन आणि थोडं काढा."

माझा तो सगळा उन्हाळा तीन बोटं आणि थोडं यात गेला. दुकान सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी शेड. टिनाखाली भट्टी असायची, पण उजेड गार होता. त्यांच्या मते उत्तरेचा उजेड म्हणजे घरचं माणूस, पाहुण्यासारखा झगमग करत येत नाही आणि तोंड फिरवून जातही नाही.

कागदाशेजारी एक ओळंबा टांगलेला असे. दोरी आणि तिला बांधलेला लोखंडी नट. समोरची वस्तू कुठे कललीय, ते त्या दोरीवरून ठरवायचं. इटारसीकडची गाडी आली की जमीन थरथरायची आणि ओळंबा हलू लागायचा. ते म्हणत, "गाडी जाऊ द्या." सगळ्यांचे हात थांबत. मालगाडी असली तर ती संपता संपत नसे. कोळसा हातात धरून, दोरीकडे बघत आम्ही बसलेलो, खिडकीतून येणाऱ्या उजेडात धूळ तरंगते आहे आणि आई खुर्चीत डुलते आहे. शेवटी दोरी शांत व्हायची आणि कोळशाची खसखस पुन्हा सुरू व्हायची.

पुढे कुणी भांडत आलं, तरी ते हेच म्हणत. गाडी जाऊ द्या.

त्यांचं काम भयंकर सावकाश चाले. पावसाळा संपला तेव्हा आईचा चेहरा झाला होता. हात बाकी होते. मला त्याचीच काळजी होती, कारण एका संत्र्याच्या व्यापाऱ्याचं काय झालं ते मी ऐकलं होतं. तो बसायला यायचा. एक डोळा काढून झाला आणि तो अचानक गेला. त्याच क्षणी सरांनी ब्रश धुऊन ठेवले आणि चित्र तसंच घरी पोचवलं. त्याचे मुलगे तावातावाने आले. दुसरा डोळा कुठे?

"दुसऱ्या डोळ्याच्या दिवशी ते आले नाहीत," यांनी सांगितलं.

"पण सर, पहिल्यावरून काढता येते न."

"पहिल्यासारखा असता तं देवानं एकच देला असता."

त्यांनी काढला नाही. ते चित्र त्या घरी अजून तसंच आहे म्हणतात.

थंडीत आई मोहगावला परत गेली आणि तिच्या छातीत कफ झाला. सौंसरला दवाखान्यात ठेवलं, घरी आणलं, पण अंगात त्राण राहिलं नाही. भावाचा फोन आला. तो माझ्यापेक्षा लहान, शेती सांभाळतो, तोंडाने फटकळ आणि मनाने भित्रा.

"ताई, आता बंद कर ते. तिले भिंतीवर टांगायची घाई झाली का तुम्हाले?"

"काहीतरी बोलू नको."

"चित्राले बसली तवापासून उतरून राहिली ती. मी पाहून राहिलो न. हाताचे फोटो पाठवतो, त्याच्यावरून पुरं करा आन् कोठीत ठेवून द्या. भिंतीवर नाही."

मी हे सरांना सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते सुई हातात फिरवत राहिले. मग विचारलं, "तुमच्या भावाच्या घराले उत्तरेकडून खिडकी आहे का?"

त्या घरात माझं लहानपण गेलं, पण हे मला आठवून पाहावं लागलं. "आहे. समोरच्या खोलीला. पण..."

"पण?"

"कापूस भरला आहे तिथे."

भाव वाढेल म्हणून आमच्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात. समोरची खोली आढ्यापर्यंत गच्च, आणि खिडकी त्याच्या पलीकडे. सरांनी जीप बोलवायला सांगितली. चित्राला मी रजईची खोळ घातली आणि ते सबंध वाटभर त्यांनी मांडीवर उभं धरलं होतं.

भाऊ दारातच आडवा आला. "सरजी, तुम्ही मोठे माणूस आहात. पण आजारी माणसाचं चित्र काढायले मी आत येऊ देणार नाही. लोकं काय म्हणतीन? आन् काही झालं तं?"

"गाडी जाऊ द्या," सर म्हणाले आणि ओट्यावर बसले.

आतून आईचा आवाज आला. "कोण आलं?"

"चित्रवाले मास्तर."

"मंग बाहेर काहून बसवलं त्यायले? हात बाकी आहेत माहे."

भाऊ आत गेला. त्याच्या मागोमाग मीही. "माय," तो म्हणाला, "तुले भेव नाही लागत का?"

"कायचं भेव?"

"चित्र काढलं की..."

"तुह्या बापाचं कोणी काढलं होतं रे?" आई म्हणाली. "तो बिनचित्राचाच गेला न?"

भाऊ उठला आणि समोरच्या खोलीत शिरला. दोन्ही हातांनी कापूस मागे लोटत, अंगाने दाबत, त्याने खिडकीपर्यंत वाट केली आणि खिडकीसमोर एक खोलगट जागा केली, पक्ष्याने घरटं करावं तशी. खिडकी उघडली. मग आईला उचलून आणलं आणि तिथे बाजेवर ठेवलं.

मी तो उजेड विसरू शकत नाही, आणि मी काही उजेडाबिजेडाच्या आठवणी जपणारी बाई नाही. खिडकीतून तो आत आला आणि कापसावर पडला, तिथून समोरच्या कापसावर, तिथून आढ्याकडे. कुठूनही यायला लागला. आमच्या पायांशी, हातांखाली, आईच्या हनुवटीखाली, सगळीकडे पांढरा. जणू ढगात कुणी बाज टाकली होती आणि आई तिच्यावर हात ठेवून पडली होती.

"सावलीच नाही इथी," सर पुटपुटले.

जन्मभर ज्यांनी खिडक्यांना काळं कापड लावलं, एकाच बाजूने उजेड पाहिजे म्हणून पोरांना रडवलं, ते तिथे ब्रश धरून नुसते उभे. त्यांनी माझी काळी शाल मागितली, आईच्या एका बाजूला धरायला. मी दिली. त्यांनी ती उघडली, आईकडे पाहिलं, परत घडी केली आणि खाली ठेवली.

मग ते काम करू लागले. ज्या माणसाला एका नाकाला महिने लागले होते, तो न थांबता काम करत होता. कापसाने आम्हा सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती. सर शिंकत होते. भाऊ दारात उभा होता, तोही शिंकत होता. कापसाचा ढीग वरून घसरायला लागला तेव्हा तो आत आला आणि पाठ लावून उभा राहिला. काम संपेपर्यंत तसाच. आई मधूनच म्हणायची, "हात हलवू का?" आणि सर म्हणायचे, "हलवा, हलवा. मी आहे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. हलू नका, हेच ऐकलं होतं.

ओल्या रंगावर कापसाचे तंतू चिकटले. त्यांनी ते काढले नाहीत. अजून आहेत.

चित्र भिंतीवर लागलं तेव्हा एका पोरीने बरोबर ओळखलं. "सर, उजेड दोन झाले. चेहऱ्यावर एकीकडून आहे, हातावर चारीकडून."

"हाव. चूक आहे."

"दुरुस्त नाही करायची?"

"कोणता उजेड दुरुस्त करू?" ते म्हणाले. "चेहरा इथी पाहिला, हात तिथी पाहिले. खोटं कायले बोलू?"

थंडी सरताना संत्र्याला आंबिया बहार फुटला होता, शेडच्या आतपर्यंत त्याचा वास येत होता, तेव्हा आई काठी टेकत स्वतःचं चित्र पाहायला आली. भाऊच घेऊन आला. ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"हात माहेच आहेत," ती म्हणाली. "तोंड कोणाचं आहे हे?"

"पाहून घ्या एकदा आरशात," सर म्हणाले.

पुढे मी त्यांनाच काढायला घेतलं. प्लास्टर खूप झालं, आता माणूस काढा, म्हणाले आणि स्वतः खिडकीखाली बसले. इतका वाईट बसणारा माणूस मी पाहिला नाही. फ्रॉकचं माप देताना दोन वर्षांच्या पोरीसुद्धा याहून स्थिर उभ्या राहतात. ते बोलत, सुई शोधत, उठून माझाच कागद तपासून जात.

"सर, हलू नका."

"तुम्ही काढून राहिल्या का शिवून राहिल्या?"

"तुम्ही बसाल तर सांगते."

"कान जमला," ते कागदाजवळ येऊन म्हणाले. "बाकीचा माणूस हळूहळू येईन."

तो आला की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. कोळशातलं ते चित्र त्यांनी स्वतः खिळा ठोकून आईशेजारी लावलं. "मी बी जिताच आहे न," म्हणाले.

त्यानंतरचा पावसाळा त्यांनी पाहिला. मग एका दुपारी ते खिडकीखाली त्याच खुर्चीत बसले होते, अर्धे डोळे मिटून, समोर मांडलेल्या पितळी तांब्याकडे बघत. त्यांची सवयच ती, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. तीच पोरगी कागद दाखवायला जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. ते बघताहेत, असं समजून ती वाट बघत राहिली. एक गाडी गेली. ओळंबा थांबला. ते तसेच.

त्यांचे दिवस झाल्यावर पोरं शेडमध्ये जमली. त्यांनी झेंडूचा हार आणला होता. त्यांना मी काढलेलं सरांचं चित्र भिंतीवरच ठेवायचं होतं, कायमचं. मी म्हटलं, नियम त्यांचाच आहे. गेलेलं माणूस इथे राहत नाही.

"पण मॅडम, घरच्यांना द्यायचं ना? त्यांचं घर कुठे आहे?"

ते खरं होतं. सौंसरचा एक पुतण्या सगळं करून गेला होता. चित्राचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडे त्यांचा फोटो आहे.

तेवढ्यात भावाचा हात धरून आई आली. तिने आधी स्वतःचं चित्र पाहिलं, मग शेजारचं. पोरांच्या हातातला हार पाहिला.

"काढा त्यायले खाली," ती म्हणाली.

"कुठे नेऊ, आई?"

"कुठी म्हणजे? मोहगावले. आपल्या घरी."

हार पोरांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला. चित्र मी उतरवलं, रजईच्या त्याच खोळीत घातलं आणि जीपमध्ये मांडीवर उभं धरलं. मोहगावला पोचल्यावर भाऊ हातोडी घेऊन आला. समोरच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपुढच्या भिंतीवर, त्याने खिळा ठोकला. चित्र लावलं. दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून ते सरळ आहे का पाहिलं.

मग म्हणाला, "वेचणी सुरू झाली की कापूस येईन. झाकले जातीन."

"तेवढ्या कोपऱ्यात भरू नोको," आई म्हणाली.

या वर्षी त्याने त्या कोपऱ्यात भरला नाही. खोली आढ्यापर्यंत गच्च आहे आणि खिडकीपासून त्या भिंतीपर्यंत एक मोकळी जागा आहे, एक बाज मावेल एवढी. गावात कुणी विचारलं, हे कोण तुमचे, तर भाऊ सांगतो, मास्तर आहेत. गेले का, असं विचारलं तर सांगतो, हाव, म्हणून तं घरी आले.

शाळा बंद पडली नाही. मोठी झालेली पोरं ती चालवतात, आणि रविवारी शेड मी उघडते. काळे पडदे मीच नवीन शिवले. नवीन पोरं तो प्लास्टरचा हात काढतात, पाच बोटांचा, आणि मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहते.

रविवारी आईचा फोन येतो. तब्येत, पाऊस, माझं दुकान, यातलं काही ती विचारत नाही.

"पोचली का शेडमध्ये? मी आहे न भिंतीवर?"

मागच्या रविवारी तिने हे विचारलं आणि नेमकी मालगाडी आली. टिन खडखडायला लागलं. पलीकडून ती काहीतरी बोलत होती, ऐकू येत नव्हतं.

"आई, गाडी जाऊ दे," मी ओरडले.

ती थांबली. मीही फोन कानाला धरून ओळंब्याकडे बघत राहिले. पोरांचे हात थांबले होते. भिंतीवर हिरव्या लुगड्यात आई, नाकाखाली ओसरीएवढी सावली, आणि खाली तिचे हात, चारीकडून उजळलेले. शेजारी चुन्याचा एक चौकोन. डबे जात राहिले. मग दोरी थरथरायची थांबली.

"आहेस," मी म्हटलं.

"मंग ठीक," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.